नास्तिक माणसाला अध्यात्म झेपतं का, की हे दोन डगरींवर पाय?

कोरडवाहू (सेलू)
राम राम मंडळी. विषय बऱ्याच दिवसांपासून डोक्यात होता, शाळेला सुट्ट्या लागल्या म्हणून आता धागा काढतोय.

मी नास्तिक आहे. लपूनछपून नाही; शाळेत, गावात, सासरवाडीत सगळ्यांना माहीत आहे. देव नाही, आत्मा नाही, मेल्यावर पुढं काही नाही. यावर इथं वाद नको. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथंही येतो.

माझं दुखणं वेगळं आहे. आमच्या नास्तिकांमध्ये हल्ली एक नवीन पोटजात निघालीय. देव मानत नाही म्हणतात आणि दहा दिवस मौन धरून विपश्यनेला बसतात. कर्मकांड नको म्हणतात आणि आषाढीला दिंडीत चार मुक्काम चालून येतात, वर "शब्दांत सांगता येणार नाही असा अनुभव" म्हणून पस्तीस फोटो टाकतात. एक मित्र तर सरळ म्हणतो, "मी धार्मिक नाही, आध्यात्मिक आहे." मला कळत नाही, अध्यात्मातून देव काढला, आत्मा काढला, मोक्ष काढला तर उरतं काय? संगीत, चालणं, शांत बसणं आणि चांगली संगत. चांगल्याच गोष्टी आहेत. मग तसं सांगा ना. त्याला बुक्का कशाला लावता?

आणि माझी खरी काळजी पुढची आहे. बुवा याच फटीतून आत येतो. अंगात आणणारा, लिंबू कापणारा बुवा आम्हाला शंभर फुटांवरून ओळखू येतो. पण लॅपटॉप उघडून "ऊर्जा", "कंपनं", "चक्रं" म्हणणारा आला की शिकलेसवरलेले नास्तिक पैसे भरून शिबिराला बसतात. देव न मानणारा माणूस बुवाला मानत नाही, असं काही मला दिसलेलं नाही.

तर प्रश्न सरळ आहे. नास्तिकता आणि अध्यात्म एकाच माणसात प्रामाणिकपणे नांदू शकतात का? अनुभव सांगा. उपदेश नको, तो सप्ताहात फुकट मिळतो.

बिनधास्त बीड
नास्तिक म्हणायचं अन् सुरुवात राम रामनं करायची. माझ्याकडून धागा इथंच संपला.

कोरडवाहू
@बिनधास्त बीड, नमस्कार लिहिलं असतं तर कुणाला केलास म्हणून विचारलं असतंस. तुला ओळखतो मी.

बालाघाटी
खुर्ची टाकून बसलोय. शेंगदाणे हायेत, कुणाला पाहिजेत?

धुमाळी (परळी)
सर, मी तुमच्या यादीतला आहे पण शिबिरवाला नाही. मी पखवाज वाजवतो.

वडील माळकरी. माझ्याही गळ्यात माळ होती, कॉलेजात असताना काढली. काढली म्हणजे पटेना म्हणून काढली, मटण खायचं म्हणून नाही (गावात अजून हेच कारण चालू आहे). घरात मोठा अबोला झाला. मग चैत्रात शेजारच्या गावात सप्ताह लागला आणि त्यांचा मृदंगाचार्य आजारी पडला. मला बोलावलं. तेव्हापासून जातोच आहे. पहाटे काकडा, दिवसा गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. देव पटला का? नाही. लोक म्हणतात पोराच्या हातात देव आहे. मी म्हणतो हातात कणिक आहे, डाव्या पुडीला लावायची.

पण तुम्ही म्हणता ते "संगीतच आहे, तसं सांगा" मला पुरत नाही. मी ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवलीय, पैसेही जास्त मिळतात. तिथं हे होत नाही. कीर्तनात गजर चढतो, पन्नास-साठ टाळ एका ठोक्यावर पडायला लागतात, त्यात गावचा सावकार असतो आणि त्याच्याकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारा पण असतो, दोघांच्याही कपाळावरून घाम गळत असतो. त्या पंधरा मिनिटांत मी कुणाचा मुलगा, किती शिकलो, कोण माझ्याशी बोलत नाही, हे काहीच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सावकार परत सावकारच असतो, ते मला माहीत आहे. तरीही ती पंधरा मिनिटं खोटी वाटत नाहीत. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

बिनधास्त बीड
धुमाळी दादा, कणिक उरली तर दोन पोळ्या लाटत जावा, महाप्रसादाला कमी पडतात.

जुना पोथीवाला
हा प्रश्न नवा नाही. सांख्यांनी पंचवीस तत्त्वं मोजली, त्यात ईश्वर नाही. योगवाल्यांनी सव्विसावा म्हणून तो घेतला, तोही जग निर्माण करणारा म्हणून नव्हे. पूर्वमीमांसा तर वेद मानते, यज्ञ मानते, पण जगाला कर्ता ईश्वर तिला लागत नाही. म्हणजे ईश्वराशिवाय साधना हा काही परदेशातून आलेला माल नाही. नवीन पिढीला वाटतं आपणच शोध लावला.

बिनधास्त बीड
पंचवीस? आमच्या ग्रामपंचायतीत नऊ सांभाळता येईनात.

कोरडवाहू
@जुना पोथीवाला काका, मान्य. पण सांख्यांनी ईश्वर काढून "पुरुष" ठेवला, आणि तो आत्माच आहे. जैनांनी कर्ता काढून जीव ठेवला, कर्म ठेवलं. एक खांब काढायचा आणि दुसऱ्यावर छत ठेवायचं, हे चालणार नाही. माझा निकष दुहेरी आहे, देवही नको आणि आत्माही नको.

@धुमाळी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. पण माणसं एका लयीत हलली की "मी"पण सैल पडतं, हे मैदानावर घोषणा देणाऱ्या गर्दीतही होतं, आणि त्या गर्दीनं काय काय केलंय ते आपण मराठवाड्यात पाहिलंय. अनुभव खरा आहे म्हणून तो चांगलाच असेल असं नाही.

लेणी नंबर दहा (छ. संभाजीनगर)
कोरडवाहू सर, तुमचा दुहेरी निकष घेऊन वेरूळला या. मी लोकांना लेणी दाखवतो, पोटाचा धंदा आहे, त्यामुळं थोडं लांबेल.

वेरूळला मुख्य लेणी चौतीस. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. बारा आणि पाच सतरा. म्हणजे बरोबर अर्धी लेणी जगाचा कर्ता ईश्वर न मानणाऱ्यांनी खोदली आहेत. त्याच डोंगरात, कैलासाच्या दोन्ही अंगांना. पर्यटक सोळा नंबर बघतात, फोटो काढतात आणि चहाला जातात.

माझं आवडतं दहा नंबर. चैत्यगृह आहे. छताला दगडाच्याच कमानदार फासळ्या कोरल्यात, जणू लाकडी तुळया. समोर स्तूप आणि त्याला टेकून बसलेले बुद्ध. आत कुणी हळू आवाजात त्रिशरण म्हटलं तरी घुमून मागं येतं. तिथं मागायला काही नाही. बुद्धांनी कर्ता ईश्वर नाकारला, आणि कायम टिकणारा आत्माही नाकारला. तुमच्या दोन्ही अटी तिथं पूर्ण होतात. तरी भिक्खू शेकडो वर्षं ध्यान करत बसले. ते मग काय करत होते, मोकळा वेळ घालवत होते का?

आता घरचं सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही इथून होते. आमच्या आजीनं देव्हारा नदीत सोडला तो तेव्हाच. तिला सही येत नव्हती. पण रोज संध्याकाळी पांढरं लुगडं नेसून गुडघे टेकून पंचशील म्हणायची. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, हे ती रोज स्वतःलाच बजावायची. नवस नाही, गाऱ्हाणं नाही. तुम्ही म्हणता देव काढला तर काय उरतं. आमच्या आजीकडं हे उरलं होतं, आणि ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर काय असायचं ते मी पाहिलंय.

सुतळीबॉम्ब
[प्रतिसाद काढून टाकला आहे]

संपादक मंडळ
जातीवरून टोमणे चालणार नाहीत. पुढच्या वेळी प्रतिसाद नाही, आयडी जाईल.

बालाघाटी
ग्या सुतळी फुस्स. शेंगदाणे घ्या.

कोरडवाहू
@लेणी, आजींचं पटलं. विपश्यनेचं अजून नाही. संध्याकाळच्या प्रवचनात संस्कार, पूर्वजन्म सगळं येतंच ना?

लेणी नंबर दहा
येतं. मी बसलोय. मलाही खटकलं, मी विचारलं. सांगणं असं, की पटत नाही ते बाजूला ठेवा, श्वास बघायचं काम करा. मी ठेवलं. बाजूला ठेवलं म्हणून कुणी बाहेर काढलं नाही. पहिले तीन दिवस मात्र गुडघ्याशिवाय कशाचंही दर्शन झालं नाही, ते पण लिहून ठेवतो.

सोळा भाज्या (जालना)
सगळे दादा लोक एवढं छान छान लिहायलेत तर एक घरातलं सांगते.

आमचे हे नास्तिक. लग्नाच्या आधीच सांगितलं होतं, फसवलं नाही. आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, म्हणजे गौरी. कोठ्यांवर मुखवटे बसवायचे, साड्या नेसवायच्या, वर फुलोरा बांधायचा, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्या. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या, आता माझ्या गळ्यात. हे त्या दिवशी सकाळी गाडी काढून लेणी नाहीतर डोंगर बघायला जातात. म्हणे, "मला शांतता लागते." संध्याकाळी पुरणाच्या वेळेला बरोब्बर शांत होऊन परत.

माझा प्रश्न असा, की पुरुषांचं देवाशिवायचं अध्यात्म नेमकं कुणाच्या चुलीवर शिजतं? ते देव सोडतात, कौतुक होतं, विचारवंत होतात. मी म्हटलं की यंदा महालक्ष्म्या बसवत नाही, तर उद्या पोराला ताप आला तरी सगळे माझ्याकडंच बघतील. हे सुद्धा बघतील, नास्तिक असून.

आणि आता खरं सांगू का? मी पण मानत नाही. पितळेच्या मुखवट्यात कोण यायलंय? पण रात्री सगळं आवरून झाल्यावर एकटी बसते, समयांच्या उजेडात त्या दोघी दिसतात. सासूबाईंनी ज्या हातानं कुंकू लावलं त्याच जागी मी लावते. त्यांच्याशी माझं आयुष्यभर पटलं नाही. त्या एका रात्री पटतं. हे अध्यात्म आहे का मला ठाऊक नाही. पण दादा, तुमच्या व्याख्येत हे बसत नसेल तर व्याख्येला जरा बाजूला सरकवा, मला झाडून घ्यायचंय.

धुमाळी
ताई, नि:शब्द.

बिनधास्त बीड
सोळा भाज्यांत भोपळा धरता का? आमच्याकडं यावरून दरवर्षी भांडण असतं.

सोळा भाज्या
धरतो. आणि मोजणीत कमी पडल्या तर मिरची-कोथिंबीर पण धरतो, देवीला फसवायला काही वाटत नाही.

शिरूरकर
आमच्यात महालक्ष्म्यांना ज्वारीच्या पिठाची आंबील लागतेच, ताक आंबट पाहिजे. (अवांतर आहे, माहीत आहे.)

कोरडवाहू
@सोळा भाज्या ताई, मी या वर्षीपासून भाज्या चिरतो. पण हे अध्यात्म नाही हो, ही आठवण आहे. आठवणीला मी कधी विरोध केला?

माळवद (लातूर)
मी इथं फारसा लिहीत नाही. ताईंचं वाचून लिहितोय.

आम्ही किल्लारीजवळचे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या. माणसं दमून झोपली आणि पहाटे तीन छप्पनला भूकंप झाला. आमच्याकडं माळवदाची घरं. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड बसवलेले मातीच्या गाऱ्यात. वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा थर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती. उन्हाळ्यात असं थंडगार घर नाही. पण तेवढं वजन डोक्यावर घेऊन आम्ही झोपत होतो. भिंती फाकल्या आणि छत खाली. ज्यांची ऐपत नव्हती, कुडाच्या झोपडीत राहत होते, त्यातले पुष्कळ वाचले. लोक म्हणाले देव कोपला. तसं असतं तर देवानं भिंतीची जाडी बघून माणसं निवडली म्हणायचं.

माझे वडील, अण्णा, लिंगायत. रोज पहाटे आंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायचे. माझी आजी, चुलती आणि धाकटी बहीण त्या रात्री गेली. त्यानंतर अण्णांनी पूजा केली नाही. कुणी समजावायला आलं की एवढंच म्हणायचे, "मला त्याच्याशी बोलायचं नाही." काही वर्षांनी ते पण म्हणेनासे झाले. बोलायचं नाही म्हणायला कुणीतरी असावं लागतं, तेही उरलं नाही असं मला वाटतं. विचारायची हिंमत झाली नाही.

पण दोन गोष्टी मी पाहिल्या. एक, पंचक्रोशीत कुणीही वारलं, कुठल्याही जातीचं, की अण्णा तिथं. माणसं जमेपर्यंत थांबायचं, लाकडं नाहीतर खड्डा बघायचा, घरच्यांना पाणी पाजायचं, आणि बोलायचं काहीच नाही. दुसरी, पहाटे ते पूर्वीच्याच वेळेला, पुनर्वसनात मिळालेल्या घरात, पूर्वेकडं तोंड करून बसायचे. हात तसाच मांडीवर, तळवा वर. रिकामा. मी एकदा विचारलं, आता कुणासाठी बसता? म्हणाले, "बसायची सवय हाय."

कोरडवाहू सर, तुम्ही विचारलं देव-आत्मा काढल्यावर काय उरतं. मी रोज सकाळी बघत होतो. त्याचं काय नाव आहे ते मला माहीत नाही.

बालाघाटी
...

लेणी नंबर दहा
दादा, नमस्कार तुमच्या अण्णांना.

रझाकाका (खुलताबाद)
माळवद भाई, अल्लाह सब्र देवो. मी मानणारा आहे, म्हणून मला एवढंच म्हणता येतं.

आमच्या गावात सूफींच्या कबरी इतक्या आहेत की नवीन घराचा पाया खोदतानाही जपून खोदतात. बुऱ्हानुद्दीन गरीब, जर जरी जर बक्ष, सगळे इथंच. माझे मामू गिरणीत होते, लाल झेंड्याचे. नमाज नाही, रोजा नाही. पण उर्साला रात्रभर कव्वालीला बसायचे, पहिल्या रांगेत. एका मौलवींनी छेडलं, तर म्हणाले, "मैं सुनने आता हूँ, मांगने नहीं." मौलवी हसले आणि सरकून जागा दिली. ते दिवसही वेगळे होते.

एक गोष्ट मात्र तुम्हा सगळ्यांना सांगायची आहे, राग मानू नका. तुम्ही चावडीवर बसून "मी नास्तिक" म्हणू शकता, फार तर सासरे रुसतात. आमच्यातल्या तरुणाला ते म्हणायचं झालं तर त्याला दोन्हीकडून मार आहे. घरचे म्हणतात आपला राहिला नाही, बाहेरचे म्हणतात नाव तर तेच आहे. मामूंना कव्वाली का लागत होती ते मला म्हातारपणी कळलं. तिथं कुणी विचारत नव्हतं की तू काय मानतोस.

कोरडवाहू
रझाकाका, हा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता. माळवद, तुम्हाला काय लिहू. वाचतोय.

गोदातीर (नांदेड)
नांदेडचा आहे म्हणून कुरुंदकर गुरुजींचं नाव काढल्याशिवाय राहवत नाही. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात १९३२ चा जन्म, आमच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, पन्नाशीच्या आत गेले. उघड नास्तिक. आणि महाभारतावर, नाट्यशास्त्रावर, परंपरेवर असं बोलत की माळकरी म्हातारेही सतरंजीवर शेवटपर्यंत बसून ऐकत. श्रद्धा नसताना परंपरेच्या आत शिरता येतं, तिला शिव्या न घालता आणि तिच्या पायाही न पडता, हे आमच्याकडं लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

आता माझं. बाबा मागच्या वर्षी गेले. पक्के नास्तिक, देहदानाचा अर्ज भरून ठेवलेला. मेडिकल कॉलेजच्या गाडीतून देह गेला आणि आम्ही सगळे दारात उभे. खांदा नाही, अग्नी नाही, राख नाही. परत घरात यायचं म्हटलं तर आंघोळ करायची का नाही, हेच कुणाला कळेना. बाबांनी सगळं लिहून ठेवलं होतं, आम्ही हातांचं काय करायचं एवढंच लिहायचं राहिलं. तेराव्याला लोक जमले, दोघं-तिघं चांगलं बोलले, मग परत शांतता. तेव्हा आत्यानं भिंतीला टेकून जनाबाईचे अभंग म्हणायला सुरुवात केली. ती गंगाखेडची, जनाबाई तिच्या घरचीच. भाऊ उठून थांबवायला निघाला, बाबांच्या तत्त्वात बसत नाही म्हणून. मी त्याचा हात धरला. आत्यानं तासभर म्हटलं. आम्ही सगळे त्या दिवशी पहिल्यांदा रडलो.

नास्तिकांनी मरणाचं काही तरी करायला पाहिजे हो. लग्नाचं केलंय, रजिस्टर करून हार घालतो, छान होतं. मरणाचं काहीच केलेलं नाही.

बिनधास्त बीड
यावर जोक सुचेना. पहिल्यांदाच.

टाळकरी (गंगाखेड)
माझं कीर्तनाचं गाव म्हणून दोन शब्द. उपदेश नको म्हणलात, म्हणून गोष्ट सांगतो.

नामदेव आमच्याच भागातले, नर्सीचे. परंपरा सांगते की ज्ञान अजून कच्चं आहे म्हणून त्यांना विसोबा खेचरांकडं पाठवलं. औंढ्याला जाऊन बघतात तर विसोबा पिंडीवर पाय टाकून झोपलेले. नामदेव म्हणाले पाय काढा. विसोबा म्हणाले, माझ्यानं होत नाही, जिथं पिंड नाही तिथं तूच नेऊन ठेव. जिथं पाय ठेवावा तिथं पिंड. आता याचा अर्थ सगळीकडं देव आहे असा आम्ही कीर्तनात लावतो. पण मला खासगीत विचाराल तर पिंडीवर पाय टाकणारा माणूस या परंपरेनं गुरू म्हणून मिरवला, याचंच मला जास्त नवल वाटतं.

आणि तुकोबांचा अभंग आहेच. आहे ऐसा देव वदवावी वाणी, नाही ऐसा मनी अनुभवावा. यावर दोन तास बोलतो मी, आणि दरवेळी खाली उतरल्यावर वाटतं की आपल्याला कळलेला नाही. तेव्हा कोरडवाहू सर, मंडपात बसलेल्या सगळ्यांना देव सापडलाय असं समजू नका. अर्धे काल्यासाठी असतात, काही सासूपासून तासभर सुटका म्हणून. मंडपाच्या दारात कुणी काय मानतं ते विचारत नाहीत, रझाकाकांच्या उर्सासारखंच.

परभणीचा पठ्ठ्या
जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणी जिल्ह्यात गंगाखेड. महाराज, एक नंबर.

कॉम्रेड जिंतूर
सगळं फार गोड चाललंय म्हणून मीठ टाकतो. मंडपाच्या दारात विचारत नाहीत, पण पंगतीत कोण कुठं बसतो ते विचारलं जात होतं, फार जुनी गोष्ट नाही. बुवाबाजीचं तर कुणी उत्तरच दिलं नाही. डॉ. दाभोलकरांच्या समितीची १९८९ पासून भूमिका स्पष्ट आहे, की देव-धर्म मानण्याला विरोध नाही, त्याच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला आहे. एवढं मवाळ बोलणाऱ्या माणसाला २० ऑगस्ट २०१३ ला गोळ्या घातल्या, आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा त्यानंतरच आला. तेव्हा नास्तिकांनी अनुभव जरूर घ्यावेत, पण "आपलं पण थोडं अध्यात्म आहे बरं का" असं सांगून समाजात सर्टिफिकेट मिळवायची घाई नको. काही लोक निव्वळ भीतीपोटी आध्यात्मिक होतात. नास्तिक म्हटलं की पोरीला स्थळ येत नाही.

कोरडवाहू
कॉम्रेड, शेवटी कुणीतरी धाग्याच्या मुद्द्यावर आलं. माझं आताचं मत लिहितो, उद्या टिकेल का माहीत नाही.

धुमाळी, आजी, ताई, अण्णा, मामू, आत्या. सहाही जणांत एक गोष्ट सारखी आहे. कुणीच दुसऱ्याला काही विकत नाहीये. कुणी म्हणत नाही की माझ्यासारखं बसलास तर तुझा मधुमेह जाईल. आणि कुणाच्याही अनुभवातून विश्वाबद्दल एकही दावा निघत नाही. याला माझी हरकत नाही, याला तुम्ही अध्यात्म म्हणा, मी वाद घालणार नाही. पण शिबिरवाल्या मित्राचं पहिलंच वाक्य "क्वांटम" शब्दानं सुरू होतं. मी नववीला भौतिकशास्त्र शिकवतो, माझं रक्त उसळतं. अनुभव आला इथवर ठीक आहे. अनुभव आला म्हणून विश्व असं असं आहे, ही उडी मारली की मी परत भांडायला हजर. ती उडी नास्तिकानं मारली तरी तेवढीच खोटी. तेव्हा डगरींचं म्हणणं मी अर्धं परत घेत नाही, फक्त कुणाला लावायचं ते बदलतो.

जुना पोथीवाला
दावा न करता अनुभवात राहणं मोठ्या मोठ्यांना जमलेलं नाही. माणसाला कारण लागतंच. शुभेच्छा.

सोळा भाज्या
सर, भाज्या चिरताय त्याचा फोटो टाका. तो अनुभव नाही, पुरावा आहे.

मूकवाचक अंबड
नमस्कार. वर्षभर नुसता वाचतो, आज एक प्रॅक्टिकल प्रश्न. आम्ही दोघंही नवरा-बायको मानत नाही, घरात देव्हारा नाही. मुलगी पाचवीत आहे. देवळात उन्हाळी बालसंस्कार शिबिर आहे, हरिपाठ आणि पखवाज शिकवतात, मैत्रिणी चालल्यात म्हणून हिला पण जायचंय. पाठवू का? बायको म्हणते पाठवू, मी अडलोय.

कॉम्रेड जिंतूर
बालसंस्कारात काय काय शिकवतात ते आधी दोन दिवस स्वतः जाऊन बसा. मुलींनी कसं वागावं यावर सुरू झाले की घेऊन या.

गोदातीर
पाठवा. अभंग पाठ असू देत. आमच्या बाबांच्या तेराव्याला घरात फक्त आत्यालाच पाठ होते.

धुमाळी
पखवाज शिकवणारा कोण आहे ते सांगा, माहितीतला असेल तर बोलतो. पोरींना टाळ देऊन बसवतात, पखवाज पोरांना. तसं करत असतील तर भांडा, ते आस्तिक-नास्तिकाच्या आधी.

टाळकरी
धुमाळीशी सहमत. आणि साहेब, ती प्रश्न विचारती का? विचारत असेल तर बिनघोर पाठवा. कंटाळलेत आमचे महाराज लोक, माना हलवणाऱ्या पोरांना.

मूकवाचक अंबड
विचारते. परवा विचारलं, विठ्ठल विटेवर उभा राहून दमत नाही का, बसत का नाही. मला उत्तर आलं नाही.

बिनधास्त बीड
बसला तर लोकं उठायची नाहीत पाया पडून. रांग लांबते.

लेणी नंबर दहा
मंडळी, पुढच्या महिन्यात वेरूळला भेटायचं का? मी दाखवतो, पैसे नकोत. मंगळवार सोडून सांगा, मंगळवारी लेणी बंद असतात. रझाकाका जवळच आहेत, चहा त्यांच्याकडं.

रझाकाका
चहा कशाला, जेवायलाच या. किती जण ते आधी कळवा, आणि सोळा भाज्या होणार नाहीत, दोनच होतील.